नैरोबीत गाडी चालवायला शिकताना

नैरोबीत वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात, स्टिअरिंग उजवीकडेच असतं आणि खड्डेही ओळखीचे वाटतात. त्यामुळे पुण्या-मुंबईहून बदली होऊन आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात म्हणतो, "यात शिकायचंय काय? मी संध्याकाळी सातला सिंहगड रोडवर गाडी चालवलेली आहे." खरं आहे. गर्दीतून गाडी काढायचं कसब तुमच्याकडे आहे, आणि युरोप-अमेरिकेतून आलेल्या सहकाऱ्यापेक्षा तुम्ही इथे लवकर रुळाल. अडचण वेगळीच आहे. आपल्या काही सवयी इथे उलट्या पडतात, आणि दिसायला सगळं सारखं असल्यामुळे त्या मोडायला हव्यात हे लक्षातच येत नाही.

सर्वांत मोठा फरक हॉर्नचा. आपण हॉर्न वाजवून बोलतो. इथला ड्रायव्हर हात दाखवून, दिवे मारून, गाडीचं तोंड जरासं वळवून बोलतो. हे नीट वाचता आलं की अर्धं काम झालं.

निघण्याआधी कागद

भारतात असतानाच इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. परिवहनच्या सारथी पोर्टलवर नमुना ४ए भरायचा, फी १००० रुपये, सोबत पासपोर्ट. परमिट एक वर्ष चालतं, मात्र त्याआधी मूळ लायसन्सची मुदत संपत असेल तर तेवढंच. म्हणून आधी लायसन्सची तारीख बघा; संपत आली असेल तर त्याचं नूतनीकरण करूनच परमिटच्या मागे लागा. नैरोबीत बसून भारतातल्या आरटीओची कामं करणं म्हणजे भावाला किंवा मेहुण्याला रजा टाकायला लावणं.

नोकरीनिमित्त राहायलाच येत असाल तर केनियाचं लायसन्स काढावं लागेल. ते काम नॅशनल ट्रान्सपोर्ट अँड सेफ्टी ऑथॉरिटी, म्हणजे एनटीएसए, बघते. अर्ज ऑनलाइन, ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवरच्या खात्यातून. परदेशी लायसन्सवरून तिथलं लायसन्स मिळवण्याचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा ऑफिसातल्या कुणी चार वर्षांपूर्वी काय केलं ते ऐकून घ्या आणि मग पोर्टलवर आज काय लिहिलंय ते वाचा. लायसन्स आणि परमिट दोन्ही नेहमी गाडीत हवीत. "घरी आहे, फोटो दाखवतो" हे इथल्या पोलिसापुढे चालेलच असं नाही.

आधी शेजारच्या सीटवर

बऱ्याच कंपन्या सुरुवातीला गाडीसोबत ड्रायव्हर देतात. आपली सवय मागे बसून फोनवर बोलण्याची. तसं करू नका, पुढे बसा. तो लेन का बदलतोय, इथे का थांबला, त्या गाडीला का जाऊ दिलं, हे विचारत राहा. इथली माणसं मनमोकळी असतात, "हबारी?", म्हणजे "कसं काय?", म्हणून सुरुवात केलीत तर रस्त्याची सगळी भानगड समजावून सांगतील. चार स्वाहिली शब्द याच काळात पाठ करा: कुशोतो म्हणजे डावीकडे, कुलिया उजवीकडे, मोजा क्वा मोजा सरळ, पोलेपोले हळूहळू. सॉरी म्हणायला सामाहानी. रस्त्यावरच्या गतिरोधकांना मातुता म्हणतात, आणि हा शब्द शेजारचा माणूस ओरडेल तेव्हा ब्रेकवर पाय ठेवायचा.

एकदा तरी मटाटूतून जा. मटाटू म्हणजे इथली खासगी प्रवासी गाडी: बहुतेक वेळा चौदा प्रवाशांची टोयोटा हायएस, नाहीतर रंगवलेली, दिव्यांनी मढवलेली, आतून गाण्यांनी दणाणणारी मिनीबस. हायएसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा मिळाली तर सोडू नका. दिवसाउजेडी, फोन खिशात ठेवून.

तिथून काय दिसतं? गाडी डाव्या लेनमध्ये अडकलेली. कंडक्टर, ज्याला इथे माकांगा म्हणतात, दारात एका पायावर लटकलेला. ड्रायव्हर मागच्या गाडीकडे बघतही नाही. तो थोडं उजवीकडे तोंड काढतो. त्याच क्षणी माकांगा बाहेर हात काढतो, तळवा खाली, हवेत हळूच दोनदा थोपटल्यासारखं करतो. मागची गाडी ब्रेक मारते. माकांगा टपावर थाप मारतो, ठप ठप, आणि मटाटू उजव्या लेनमध्ये शिरते. हॉर्न एकदाही वाजत नाही. मागच्याने "नाही" म्हटलं असतं, म्हणजे वेग कमी न करता तसाच पुढे आला असता, तर थाप पडलीच नसती. ही विचारणा आहे, आणि तिला उत्तर द्यायचा हक्क तुम्हालाही आहे. गाडी चालवायला लागल्यावर हाच हात तुमच्या बॉनेटसमोर येईल, तेव्हा त्याचा अर्थ माहीत असलेला बरा.

चार दिवस शाळेत

वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायला लाज वाटते. तरी जा. इथल्या शिक्षणात मॉडेल टाउन बोर्ड नावाचा एक प्रकार आहे: टेबलाएवढ्या फळीवर रंगवलेलं गाव, त्यात रस्ते, चौक, गोल चौक, पार्किंग, आणि हातात एक खेळण्यातली गाडी. परीक्षक सांगतो, "इथून हॉस्पिटलला जा," आणि तुम्ही गाडी सरकवत, कुठल्या लेनमधून का जातोय हे बोलत जायचं. सुटाबुटातली माणसं गंभीर चेहऱ्याने खेळण्यातली गाडी फिरवताना बघून पहिल्यांदा हसू येतं. पण तीन लेनच्या गोल चौकात कुणी कुठून शिरायचं हे या फळीवर जितकं पक्कं होतं तितकं रस्त्यावर महिनाभरात होत नाही. डावी लेन डावीकडे वळणाऱ्यांची, मधली सरळ जाणाऱ्यांची, उजवी उजवीकडे किंवा पूर्ण वळून परत जाणाऱ्यांची. आपल्याकडे गोल चौकात लेन असते हेच मुळात कुणी शिकवलेलं नसतं.

फळी झाली की शिक्षकाला सांगा, मला क्लच-ब्रेक शिकायचा नाही. मला गर्दीच्या वेळी वेस्टलँड्स आणि एनगोंग रोडवर न्या. चांगला शिक्षक यावर खूश होतो.

गाडी घेताना

रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जपानमधून आलेल्या सेकंडहँड. आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही. जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक. गाडी चालू केली की आतली बाई जपानीत काहीतरी अदबीने सांगते. ती टोलचं कार्ड घातलेलं नाही असं म्हणत असते, घाबरू नका. रेडिओवर जेमतेम दोन-तीन स्टेशनं लागतात, कारण जपानचा एफएम पट्टा ९०च्या आसपास संपतो.

पहिली गाडी लहान आणि सर्वसामान्य घ्या. व्हिट्झ, डेमिओ, नोट, अ‍ॅक्सिओ, असं काहीतरी, ज्याचे सुटे भाग कुठल्याही फुंडीकडे, म्हणजे मेकॅनिककडे, मिळतात. जमिनीपासूनची उंची मात्र बघा. मातुता उंच आणि कधीकधी बिनरंगाचे असतात. आरशांच्या काचांवर आणि खिडक्यांवर गाडीचा नंबर कोरून घ्या, कारण साइड मिरर चोरीला जातात आणि नंबर कोरलेला आरसा विकायला अवघड पडतो. विमा फक्त थर्ड पार्टी नको, पूर्ण घ्या, आणि एजंटला दोन गोष्टी नाव घेऊन विचारा: एक्सेस प्रोटेक्टर, म्हणजे दाव्यातला तुमच्या वाट्याचा खर्च भरून देणारं संरक्षण, आणि राजकीय हिंसाचाराचं संरक्षण. मोर्चांच्या काळात दुसऱ्याचं महत्त्व कळतं. डिकीत दोन परावर्तक त्रिकोण ठेवा. इथे त्यांना लाइफसेव्हर म्हणतात, आणि पोलिस ते मागतात.

पहिले रविवार

रविवारी सकाळी सात ते नऊ नैरोबी वेगळंच शहर असतं. पार्कलँड्सच्या अ‍ॅव्हेन्यूंमधून सुरुवात करा. तिथे आपली वस्ती बरीच आहे आणि रस्ते सरळ काटकोनात. मग लिमुरू रोडने करुरा जंगलापर्यंत जा, तिथे गाडी लावा, चक्कर मारा, परत या. पुढच्या रविवारी वायाकी वे, त्यानंतर एनगोंग रोड. साडेनऊनंतर चर्चना जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते, तोवर घरी पोहोचायचं.

एक्सप्रेसवेवर शिकायला जाऊ नका. २०२२ साली सुरू झालेला हा २७ किलोमीटरचा, काही भागात उंच खांबांवरून जाणारा टोलरस्ता म्लोलोंगोपासून वेस्टलँड्सपर्यंत जातो. विमानतळ गाठायला उत्तम, पण वर बोडा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, नाहीत, पादचारी नाहीत, हातगाड्या नाहीत. तिथे चालवून हात बसतो असं वाटतं आणि खाली उतरल्यावर पहिल्याच चौकात घाम फुटतो. खरी शाळा खालच्या रस्त्यावर, एक्सप्रेसवेच्या खांबांच्या सावलीत आहे.

रविवार जमले की शाळांच्या सुट्ट्यांचा फायदा घ्या. एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळची गर्दी चांगलीच ओसरते. उलट महिनाअखेरचा शुक्रवार, पगार झालेला, त्यात पाऊस, असा दिवस नवशिक्याने टॅक्सीत काढावा.

मटाटूसोबत राहायचं कसं

मटाटूवाल्यांना शिव्या देणं हा नैरोबीतला सर्वधर्मीय छंद आहे. पण त्यांचं गणित समजून घेतलं तर राग कमी येतो आणि अपघातही टळतो. मटाटूची कमाई फेऱ्यांवर. रांगेत घालवलेला प्रत्येक मिनिट म्हणजे बुडालेला प्रवासी. २००४ साली तेव्हाचे वाहतूक मंत्री जॉन मिचुकी यांनी सीटबेल्ट, ताशी ८० किलोमीटरला बांधलेला वेग आणि गाडीभोवती पिवळा पट्टा सक्तीचा केला. त्या नियमांना अजूनही मिचुकी रूल्स म्हणतात. पिवळा पट्टा राहिला आहे. बाकीच्यांबद्दल मटाटूत बसल्यावर तुमचं तुम्हीच ठरवा.

या गणितातून त्यांच्या चार हालचाली ठरतात. पहिली, अचानक थांबणं. मटाटूच्या मागे चालत असाल तर समोर नाही, डावीकडच्या फुटपाथवर बघा. कुणी हात वर केला की गाडी थांबणार, मग तिथे स्टेज, म्हणजे ठरलेला थांबा, असो वा नसो. थिका रोडवर रॉयसांबू आणि गिथुराईजवळ हे सतत घडतं. म्हणून शक्यतो डाव्या लेनमध्ये मटाटूच्या मागे राहूच नका; रस्ता तीन लेनचा असेल तर मधली धरा.

दुसरी, थांबल्यावर न बघता निघणं. थांबलेल्या मटाटूच्या उजव्या बाजूने जाताना तिचं पुढचं चाक बघा. चाक उजवीकडे वळलेलं असेल तर ती निघालीच समजा.

तिसरी, ओव्हरलॅप. रांग लागली की मटाटू रांग सोडून डावीकडच्या मातीतून किंवा समोरून येणाऱ्यांच्या लेनमधून पुढे जाते आणि चौकाशी तोंड घुसवते. एक गेली की मागे चार खासगी गाड्या जातात. तुम्ही जाऊ नका. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवा. मटाटूचा माकांगा उतरून हात दाखवतो, गाड्या थांबवतो आणि तिला परत आत घेतो. तुमच्याकडे माकांगा नाही. तुम्ही समोरून येणाऱ्या ट्रकच्या नाकासमोर अडकून राहाल, आणि पुढच्या वळणावर पोलिस उभा असेल तर तो मटाटू सोडून तुम्हालाच बाजूला घेईल.

चौथी, ती मघाची थोपटणारी हाताची खूण. जागा द्यायची असेल तर वेग थोडा कमी करून स्पष्ट द्या. द्यायची नसेल तर समोरच्या गाडीपासून अंतर न वाढवता शांतपणे पुढे चला. दोन्ही चालतं. अर्धवट थांबणं, मग निघणं, मग परत थांबणं मात्र चालत नाही. यातच पत्रे चेपतात. रोंगाईकडे जाणाऱ्या, कर्कश गाणी लावलेल्या, नखशिखान्त रंगवलेल्या मिनीबसेसना मी विचार न करता जागा देतो. त्यांच्याशी हुज्जत घालण्याइतकं माझं काहीही तातडीचं नसतं.

गोल चौक

उहुरू हायवेवरचे गोल चौक म्हणजे नवशिक्याची खरी परीक्षा. कागदावर नियम सोपा: आत असलेल्याला, म्हणजे तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला, आधी जाऊ द्या. गर्दी नसेल तेव्हा हा नियम पाळला जातो, आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळच जास्त. म्हणून उजवीकडून कुणी येत नसताना उगीच थांबू नका आणि येत असताना घुसू नका. आपली "आधी तोंड घालेल त्याचा रस्ता" ही सवय इथे सगळ्यांत जास्त नडते.

गर्दीच्या वेळी मात्र नियम पोलिसाचा. सिग्नलला हिरवा दिवा असतो, पोलिस हात दाखवून थांबवतो. लाल असतो, पोलिस जा म्हणतो. दिव्याकडे बघून निघालात तर चूक तुमची. पोलिस एका बाजूची वाहतूक एकदम सोडतो, कधीकधी दहा-पंधरा मिनिटं, आणि बाकीच्यांनी इंजिन बंद करून बसायचं. अशा वेळी दोन गोष्टी सांभाळा. एक, चौकाला पोहोचण्याच्या बरंच आधी योग्य लेन धरा, कारण जवळ आल्यावर कुणी घेत नाही. दुसरी, तुमची बाजू सुटली की तुमच्यापुढची गाडी चौकाबाहेर पडायला जागा आहे का ते बघूनच आत शिरा. मध्ये अडकलात तर पुढची बाजू सुटते आणि चारही दिशांच्या गाड्या तुमच्याभोवती कुलूपबंद होतात. मग कुणीतरी साधा नागरिक गाडीतून उतरतो आणि हातवारे करत गुंता सोडवतो. असा माणूस दिसला तर त्याचं ऐका, तो सहसा बरोबर असतो.

आत शिरल्यावर बाहेर पडायचा फाटा चुकला तर झटका देऊन डावीकडे कापू नका. आणखी एक फेरी मारा. पेट्रोलखेरीज काही जात नाही.

हॉर्न, दिवे आणि हात

हॉर्नवरचा अंगठा पहिल्याच दिवशी बाजूला करा. इथे हॉर्न धोक्यासाठी किंवा रागासाठी. मटाटूवाले प्रवासी बोलवायला वाजवतात तेवढाच अपवाद. सिग्नल सुटल्यावर अर्ध्या सेकंदात मागून वाजवलात तर पुढचा माणूस वळून बघतो आणि मग मुद्दाम सावकाश निघतो. ओव्हरटेक करताना "मी आलोय" म्हणून वाजवलेला हॉर्नही भांडण काढल्यासारखाच ऐकू येतो.

दिव्यांचे अर्थ प्रसंगावर ठरतात. चौकात समोरच्याने दिवा मारला तर बहुतेक वेळा "तुम्ही आधी जा". आपल्याकडे त्याचाच अर्थ "मी येतोय, थांब" असा असतो, म्हणून तो हळू होतोय का हे पाहूनच निघा. मोकळ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनी दिवे मारले तर पुढे पोलिस आहेत किंवा अपघात. दोन्ही वेळा वेग कमी करणं शहाणपणाचं. कुणी जागा दिली तर हात वर करून आभार माना. दिसायला छोटी गोष्ट, पण त्याच रस्त्यावर त्याच वेळी रोज जाणाऱ्यांना तुमची गाडी लक्षात राहते.

बोडा, पादचारी आणि हातगाड्या

बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. स्कूटरच्या शहरात वाढलेल्याला त्यांचं कौतुक नाही, तरी एक फरक ध्यानात ठेवा: ते रांगेतल्या दोन गाड्यांमधून येतात आणि चुकीच्या दिशेनेही येतात, म्हणून डावीकडे वळण्याआधी डाव्या आरशात, दरवाजा उघडण्याआधी उजव्या आरशात बघा. बोडावाल्याला धक्का लागला तर मिनिटभरात आजूबाजूचे सगळे बोडावाले जमतात, चूक कुणाचीही असो.

रस्त्यावर जीव जाणाऱ्यांत केनियात सर्वांत मोठा वाटा पादचाऱ्यांचा आहे. थिका रोड, मोम्बासा रोड, वायाकी वे इथे डोक्यावर पूल असतो आणि माणसं खालून पळत ओलांडतात. दुभाजकावर कुणी उभा दिसला तर तो धावणार आहे असंच धरून चाला. म्कोकोतेनी, म्हणजे पोत्यांनी लादलेल्या हातगाड्या, उतारावर वेगात असतात आणि त्यांना ब्रेक नसतो.

रांगेत उभे असताना काचा वर, दारं लॉक, फोन मांडीवरही नको. केळी, चार्जर, नकाशे, फुगे विकणारे येतात. घ्यायचं नसेल तर हसून मान हलवा. काच पूर्ण खाली करून घासाघीस करू नका.

अंधार आणि पाऊस

विषुववृत्त जवळ असल्यामुळे इथे वर्षभर संध्याकाळी सातच्या आत काळोख होतो, आणि संधिप्रकाश म्हणावा असा नसतोच. आपल्या जूनसारखी रेंगाळणारी संध्याकाळ नाही. निदान पहिले दोन महिने अंधारानंतर शहराबाहेर गाडी काढू नका. बंद पडलेला ट्रक दिव्यांशिवाय उभा असतो. त्याच्या मागे रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या दिसल्या तर त्या वाऱ्याने पडलेल्या नाहीत, तो इशारा आहे. फांदी दिसली की पुढच्या पन्नास-शंभर मीटरवर काहीतरी आहे.

मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. नैरोबीच्या पावसात गटारं तुंबतात आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते, आणि त्या कडेलाच उघडी गटारं असतात. मधल्या भागातून चाला. पाण्याखाली मातुता आहे की खड्डा, हे समोरची गाडी कशी उडते यावरून कळतं.

पोलिसांनी थांबवलं तर

काच खाली, इंजिन बंद, दोन्ही हात दिसतील असे, आणि आधी नमस्कार. "हबारी, अफांदे?" अफांदे म्हणजे साहेब. इथे अभिवादनाशिवाय कामाचं बोलणं उद्धटपणा मानतात, पोलिसाशीच नव्हे, पेट्रोल भरणाऱ्याशीही. लायसन्स मागितलं तर द्या. कुठला नियम मोडला हे नम्रपणे विचारा. पैशांचा विषय आडवळणाने निघाला तर "पावती द्या, नाहीतर चौकीवर जाऊ" एवढंच शांतपणे म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं फार उपयोगी पडतं. आपली घाई दिसली की भाव चढतो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री श्वास तपासणारी नाकी असतात, त्यांना लोक अल्कोब्लो म्हणतात. दिवाळीच्या पार्टीनंतर गाडी तिथेच ठेवून टॅक्सी करा.

धडक झालीच तर

कुणाला लागलेलं नसेल तर फोटो काढा: दोन्ही नंबरप्लेट, रस्ता, गाड्यांची स्थिती. मग गाडी बाजूला घ्या. विम्यासाठी पोलिस अ‍ॅबस्ट्रॅक्ट नावाचा कागद लागतो, तो त्या भागातल्या पोलिस स्टेशनातून मिळतो, तेव्हा "जाऊ दे, नंतर बघू" म्हणून निघून जाऊ नका. किरकोळ ओरखडा असेल आणि समोरचा जागच्या जागी पैसे देऊन मिटवायला बघत असेल, तर तुमचा निर्णय. मी तरी फोटो आणि त्याच्या लायसन्सचा नंबर घेतल्याशिवाय हलत नाही. माणूस जखमी असेल आणि जमाव तापत असेल तर सरळ जवळच्या पोलिस स्टेशनात जाऊन कळवा.

शहराबाहेर, सर्वांत शेवटी

दोन-तीन महिन्यांनी नैवाशाला जायची इच्छा होते, अंतर साधारण ९० किलोमीटर. दोन वाटा. वरची लिमुरूकडून, जिथे सकाळी दाट धुकं असतं. खालची माई माहिऊकडून, दरीच्या कड्यावरून उतरणारी. ती दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांनी बांधली आणि त्यांनी बांधलेलं चिमुकलं चर्च अजून रस्त्याकडेला आहे. देखावा असा की ड्रायव्हरने बघू नये. रस्ता अरुंद, उतार लांब, आणि पुढे कंटेनरचे ट्रक रांगत असतात. उतरताना ऑटोमॅटिक गाडी खालच्या गिअरला टाका, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

ट्रकवाल्यांच्या इंडिकेटरची भाषा इथे ठरलेली आहे. तुम्ही मागे लागलात आणि ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर समोरून कुणी येतंय, थांबा. डावा दिला तर रस्ता मोकळा, काढा गाडी. आपल्याकडे हा अर्थ भागाभागाप्रमाणे बदलतो, त्यामुळे सवयीने उजव्या इंडिकेटरवर ओव्हरटेकला निघालात तर समोर बस असेल. आणि डावा दिला तरी स्वतःला समोरचा रस्ता दिसल्याशिवाय निघायचं नाही. त्याच्या अंदाजात तुमच्या इंजिनाची ताकद धरलेली नसते.

मोठ्या गावांतून जाताना वेग ५०वर आणा, फलक दिसो न दिसो. मातुता नेमके तिथेच असतात आणि वेग मोजणारे पोलिसही. परतीचा प्रवास रविवारी दुपारी तीनच्या आत उरका, कारण चारनंतर सगळं नैरोबी घरी निघालेलं असतं आणि लिमुरूपासून पुढे गाडी गोगलगायीच्या चालीने सरकते. तेवढ्यात निघणं जमत नसेल तर नैवाशालाच मुक्काम करून सोमवारी पहाटे पाचला निघा.